नटी कामावर आहे

१९३९ साली शांता आपटे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तेव्हा त्या कुणी नवख्या नव्हत्या. ‘अमृतमंथन’ आणि ‘अमरज्योती’ येऊन गेले होते, ‘कुंकू’ येऊन दोन वर्षं झाली होती, आणि म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार करायला साफ नकार देणारी ती नायिका लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वाद पगाराचा आणि कराराचा होता. कंपनीच्या लेखी त्या महिन्याच्या पगारावरच्या नोकर. तिकिटं मात्र त्यांच्या नावावर आणि गळ्यावर खपत होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक काढलं. सिनेमात शिरायची स्वप्नं बघणाऱ्यांना या धंद्याची आतली बाजू सांगणारं पुस्तक, तेही स्वतः धंद्यात असताना लिहिलेलं. गंमत अशी की शांताबाई एका संपादकाच्या कचेरीत छडी घेऊन शिरल्या होत्या ही आख्यायिका अजून चवीनं सांगितली जाते. उपोषणाचं कुणाला फारसं ठाऊक नसतं.

नटीबद्दल मराठीत कमी लिहून आलेलं नाही. तिचं लग्न, मोडलेलं लग्न, तिच्या साड्या, तिच्या हातची पुरणपोळी. ती सकाळी किती वाजता कामावर आली, कपडे कुठं बदलले, दुपारी कुठं टेकली, पैसे हातात कधी पडले, अंगात ताप होता तेव्हा काय झालं, यावर एक ओळ सापडायची मारामार. गिरणीतल्या बाईबद्दल, विड्या वळणाऱ्या बाईबद्दल, तमाशाच्या फडातल्या बाईबद्दल हे प्रश्न आपण कधी ना कधी विचारले. नटीला विचारत नाही, कारण ती कामावर आहे असं आपल्याला वाटतच नाही. ती मजेत आहे असं वाटतं. तुमच्या हातातलं हे पुस्तक ती कामावर आहे असं धरून चालतं. मुख्यतः मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या मराठी-हिंदी पडद्याबद्दल ते बोलतं. मधे केरळ येतं, कारण या विषयावरची सर्वांत सविस्तर सरकारी चौकशी तिथं झाली आहे.

वाचकानं एक धागा हातात धरावा म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे नटीला मिळणाऱ्या सोयी तिच्या नावाला चिकटलेल्या असतात, कामाला नाही. नाव चढलं की खोली मिळते, गाडी मिळते, वेळेवर चेक मिळतो, रात्री उशिरा ‘मला आता निघायचंय’ म्हणता येतं. नाव उतरलं की यातलं एकेक कुणी न सांगता काढून घेतलं जातं. म्हणूनच ‘मोठ्या नट्यांना काय कमी आहे’ हा युक्तिवाद फसवा आहे. मोठी नटी काल लहान होती आणि बहुधा उद्या पुन्हा लहान होणार आहे. काम तेच, बाई तीच, स्वच्छतागृह तेवढं वेगळं.

सुरुवात कुठून झाली तेही बघण्यासारखं आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीतल्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवावी लागली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये बायका पडद्यावर आल्या, त्या कोण? दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. पार्वती आई झाली, मोहिनी मुलगी. भारतीय सिनेमातल्या पहिल्या दोन नट्या मायलेकी असाव्यात, यात योगायोग किती आणि व्यवहार किती हे ठरवणं कठीण आहे, पण पुढची शंभर वर्षं ‘आई सोबत’ हीच या धंद्यातली सर्वांत भरवशाची संरक्षणव्यवस्था राहिली. आई म्हणजे पहारेकरी, हिशेबनीस, स्वयंपाकीण आणि तारखा सांभाळणारी सेक्रेटरी. सेटवरच्या आयांची टवाळी खूप झाली. त्या तिथं का बसून असतात हे मात्र केरळमधली ती चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती हेमा समितीनं सरळ लिहून ठेवलं: एकटीनं जाणं सुरक्षित वाटत नाही, म्हणून बायका घरचं माणूस बरोबर नेतात. १९१३ मधली तजवीज आजही तशीच चालू आहे, आणि तिचा खर्च अजूनही नटीचं घरच करतं.

आईवडील सोबत असले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ ज्यांनी पुरुषांच्या गोष्टींसाठी वाचलं असेल त्यांनी ते एकदा पैशांसाठी वाचावं. घराण्याचं आडनाव सिनेमात नको म्हणून रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली. सिनेमातला पगार मात्र घराण्याला चालला. शाळेच्या वयात ती कामाला लागली, कारण घर चालवायचं होतं, आणि कमावती झाल्यावरही कमाईवर हुकूमत दुसऱ्यांची. याच आत्मकथनावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. त्यासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता बालकलाकारांसाठी नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं मुदतठेवीत. नियम चांगले आहेत. उरलेल्या ८० टक्क्यांचं काय होतं हे घरोघरी वेगळं.

स्टुडिओच्या काळात नटी पगारी होती. प्रभातमध्ये घंटेवर यायचं, घंटेवर जायचं. पडद्यावर राणी असली तरी हजेरीपटावर सगळे सारखे. या शिस्तीचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. महिन्याच्या महिन्याला पगार, तालमीला वेळ, ठरलेली जागा, ओळखीची माणसं. पण बाहेर काम करायची परवानगी नाही, आणि कंपनीची मर्जी फिरली की दाद मागायला दुसरं दार नाही. शांताबाई फाटकाबाहेर बसल्या त्या एवढ्याचसाठी. १९४० च्या दशकात स्टुडिओ मोडत गेले, नट-नट्या मोकळ्या झाल्या, ज्यांच्या नावाला भाव होता त्यांनी तो वसूल केला. बाकीच्यांच्या हातातून पगारही गेला आणि हजेरीपटही. या धंद्यातली रोजंदारी इथून सुरू होते. स्टुडिओ मोडल्याचा इतिहास निर्मात्यांच्या बाजूनं खूप लिहिला गेला. कोरसमधल्या मुलींच्या बाजूनं तो लिहायचाच राहिला आहे.

१९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट याच दृष्टीनं बघावा. (हंसाबाईंचं पुस्तक नंतरचं, १९७० चं, नाव चित्रपटावरून घेतलेलं.) पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यात दोघी आहेत: उताराला लागलेल्या हंसा वाडकर, आणि ग्रुप डान्समधून पुढं आलेल्या, चढाला लागलेल्या जयश्री गडकर. आठवडे वाढले की थिएटरवाल्याची आणि वितरकाची कमाई वाढते. नटीचं मानधन सही केलेल्या दिवशीच गोठलेलं असतं.

मधुबाला आणि ‘नया दौर’चा खटला आपल्याकडे प्रेमकथा म्हणून सांगितला जातो. प्रेमकथा बाजूला ठेवून बघितलं तर उरतो तो कामाच्या जागेचा वाद. बी. आर. चोप्रांना चित्रीकरणाचा मोठा भाग भोपाळकडं करायचा होता. मधुबालाचे वडील अताउल्ला खान मुलीला इतक्या लांब, उघड्यावर, गर्दीत पाठवायला तयार नव्हते. दुसऱ्या एका चित्रपटाच्या बाहेरगावच्या चित्रीकरणात जमावानं बायकांवर हात टाकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आलेली होती. तिच्या जागी वैजयंतीमाला आल्या, प्रकरण कोर्टात गेलं, दिलीपकुमारनी निर्मात्याच्या बाजूनं साक्ष दिली. वडील हट्टी असतील, त्यांचे हेतूही सगळे स्वच्छ नसतील. पण ‘तिथं बंदोबस्त काय आहे?’ हा त्यांचा प्रश्न वाजवी होता, आणि सत्तर वर्षांनंतरही आऊटडोअरला निघणारी मुलगी तो विचारू शकेल अशी सोय करारपत्रात नाही. मधुबालासारख्या नावाला नकार देता येत होता. तिच्या मागं उभ्या असणाऱ्या मुलींना तोही पर्याय नव्हता.

त्या मागं उभ्या असणाऱ्या मुलींपाशी थोडं थांबू या.

गोरेगावच्या फिल्मसिटीत सकाळी सातचा कॉल असला की विरार-नालासोपाऱ्याहून येणारी ज्युनिअर आर्टिस्ट साडेचारला उठलेली असते. रात्री अकराला मेसेज आलेला असतो: डिसेंट क्राउड, लग्नाचा सीन, दोन चेंज स्वतःचे. म्हणजे साड्या तिच्या, ब्लाउज तिचे, खोटे दागिने तिचे, मेकअपचं सामानही तिचंच. लोकलमध्ये ती भलीमोठी पिशवी मांडीवर घेऊन बसते, कारण वर रॅकवर ठेवली तर उतरताना काढायची कशी. सेटवर पोचल्यावर सही, मग एक कापडी मंडप किंवा रिकामा हॉल. चाळीस-पन्नास बायका, एक-दोन आरसे, एक पंखा, खुर्च्या निम्म्या. कपडे बदलायची वेळ आली की चौघी जणी चार बाजूंनी ओढण्या धरतात आणि पाचवी मधे उभी राहून साडी नेसते. हे इतकं सवयीचं झालं आहे की त्याबद्दल विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटतं. मग वाट बघणं. लाइट लागतो, निघतो, पुन्हा लागतो. हिरॉइन तयार होते. दुपारी एकला असिस्टंट येऊन ओरडतो, ‘लेडीज क्राउड, पोझिशन!’ नवरीच्या मागून हसत हसत डावीकडून उजवीकडे जायचं, याला पासिंग म्हणतात. तेच पासिंग अकरा वेळा. जेवणाच्या दोन रांगा असतात आणि दोन्हींतल्या भाज्या वेगळ्या. पॅकअप रात्री नऊला झालं तर शेवटच्या फास्ट लोकलचं टेन्शन नाही; साडेअकराला झालं तर आहे. रोजच्या पैशांतून काम देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन कापलं जातं आणि उरलेले हातात पडतात. लगेच पडले तर तो दिवस चांगला.

मुंबईत या बायकांची स्वतःची संघटना आहे, महिला कलाकार संघ. वर फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज, १९५६ ची. संघाच्या कार्डामुळे दर ठरले, रात्रीचं जेवण आणि प्रवासभत्त्यासारख्या गोष्टी भांडून मिळाल्या. पण कार्ड नसलेली मुलगी कमी पैशांत, जास्त तास, तक्रार न करता उभी राहायला तयार असते, आणि तसल्या मुली शहरात रोज नव्यानं उतरतात. आठ तासांची शिफ्ट कागदावर राहते, बारा तास अंगवळणी पडतात.

स्वच्छतागृहाबद्दल मी जरा जास्तच लिहितो आहे असं काहींना वाटेल. वाटू दे. हेमा समितीचा अहवाल ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारकडं गेला आणि काही भाग गाळून १९ ऑगस्ट २०२४ ला लोकांसमोर आला. वर्तमानपत्रांनी त्यातली ‘पॉवर ग्रुप’ची, म्हणजे धंदा मुठीत ठेवणाऱ्या मोजक्या बड्यांची, गोष्ट उचलली. मला त्यातला साधा तपशील जास्त हादरवून गेला: सेटवर जायला जागा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, तासन्‌तास धरून ठेवतात, आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात. ज्युनिअर आर्टिस्टना तर ‘जाऊन येते’ म्हणायचीही चोरी. जया बच्चन यांनी २०२२ मध्ये नातीच्या पॉडकास्टवर आपल्या काळातल्या आऊटडोअरचं वर्णन केलं, झुडपांच्या आड पॅड बदलण्याचं. त्या तेव्हा नायिका होत्या. म्हणजे एकेकाळी हा त्रास वरच्या पायरीलाही होता. तो वरच्या पायरीचा कसा सुटला हे बघण्यासारखं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला व्हॅनिटी व्हॅन आली. अभिनेत्री पूनम ढिल्लन यांनी स्वतःच त्या भाड्यानं देण्याचा धंदा सुरू केला होता. खरी सुधारणा होती ती, आणि एका बाईला गरज कळली म्हणून झालेली. पण व्हॅनला दारं असतात. सिंगल डोअर म्हणजे अख्खी गाडी एकीची: पलंग, आरसा, बाथरूम, एसी. डबल डोअर म्हणजे दोघींत एक. ट्रिपल डोअरमध्ये तीन खुराडी, पाय पसरायला जागा नाही आणि दुपारनंतर टाकीत पाणी नाही. त्याखाली मेकअप रूम, त्याखाली तो कापडी मंडप. नटीचं या क्षणी काय चाललं आहे हे जाणून घ्यायचं असेल तर पोस्टर बघू नका. लोकेशनवर तिला कितव्या दाराची किल्ली मिळाली ते विचारा.

ट्रिपल डोअरमधल्या बायकांविषयी सगळ्यांत कमी बोललं जातं. नायिकेची वहिनी, नायकाची बॉस, सरकारी वकील, डॉक्टर, मैत्रीण क्रमांक दोन. यांना संवाद आहेत, चेहरा आहे, रिक्षावाला ओळखतो. ओळखतो म्हणूनच रिक्षानं जायची लाज वाटते, आणि टॅक्सीचे पैसे कन्व्हेयन्समध्ये बसत नाहीत. मराठी मालिकांत महिन्याला इतके दिवस काम देऊ असं तोंडी ठरतं, पैसे साधारण तीन महिन्यांनी येतात, टीडीएस कापून. एक महिना ट्रॅक तुमच्या पात्रावर असतो तेव्हा पहाटे घरी, सकाळी पुन्हा कॉल. पुढच्या महिन्यात टीआरपी घसरतो, तुमची वहिनी माहेरी जाते आणि महिनाभर फोन वाजत नाही. वहिनी मेली असती तर निदान दुसरं काम घेता आलं असतं. माहेरी गेलेली वहिनी कधीही परत येऊ शकते म्हणून तारखा अडकून राहतात. संध्याकाळी नाटकाचा प्रयोग असला तर ‘नाईट’, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळते, पण घोडबंदरच्या सेटवरून साडेपाचला सुटून साडेआठला दादरला रंगभूषा लावून उभं राहणं हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक. एवढं करून चाळिशी आली की आईच्या भूमिका, आणि तीही आपल्याहून आठ-दहा वर्षांनीच लहान असलेल्या नटाची आई.

अगदी वरच्या पायरीबद्दल फार लिहीत नाही. तिच्याबद्दल लिहायला इतर लोक आहेत. एक गोष्ट मात्र सोडता येत नाही. २०२५ मध्ये दीपिका पदुकोण दोन मोठ्या चित्रपटांतून बाहेर पडल्या, आणि आई झाल्यानंतर आठ तासांचा दिवस मागितला हे त्याचं एक कारण असल्याचं बातम्यांत येत राहिलं. पुष्कळ पुरुष तारे वर्षानुवर्षं आठच तास काम करतात आणि त्याची बातमी होत नाही, असं त्यांनी नंतर बोलून दाखवलं. ‘एवढे कोटी घेता, मग बारा तास करा’ असा सूर आपल्या दिवाणखान्यांतही निघाला. त्या सुरात मला सूर मिसळता आला नाही. मागणी बरोबरच होती. माझी तक्रार एवढीच की ती एकटीच्या करारात मागितली जाते. स्टारचे आठ तास संपले की ती घरी जाते, आणि तिच्या पाठमोऱ्या शॉटसाठी डुप्लिकेट मुलगी आणखी चार तास थांबते.

शरीराचं काय होतं, हे बघायला जुनी उदाहरणं पुरेशी आहेत. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड खरीच जोरात बसली आणि ललिता पवारांचा चेहरा एका बाजूनं लुळा पडला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कारकीर्द तिथं संपली. उपचारांत तीन वर्षं गेली. पुढं त्यांनी त्याच डोळ्याची खाष्ट सासू करून दाखवली. त्यांच्या जिद्दीची तारीफ करताना आपण विसरतो की ही कामावर झालेली इजा होती, आणि गिरणीत झाली असती तर भरपाईचा कायदा तेव्हाही अस्तित्वात होता. १९८७ मध्ये रंजना चित्रीकरणासाठी बंगळूरला जाताना अपघातात सापडल्या आणि मराठीतली तेव्हाची सर्वांत चैतन्यमय नायिका चाकाच्या खुर्चीला खिळली. आणि २०२०. टाळेबंदीनंतर शूटिंग सुरू करताना राज्य सरकारनं पासष्टच्या वरच्या कलावंतांना सेटवर बंदी घातली होती. ज्येष्ठ कलावंतांनीच तिच्याविरुद्ध दाद मागितली, कारण घरी बसून पोट भरत नाही, आणि ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. सप्टेंबरात साताऱ्यात ‘आई माझी काळूबाई’च्या सेटवर कोरोना पसरला आणि आशालता वाबगावकर गेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या. न्यायालयाचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. काम करायचा हक्क म्हाताऱ्या नटीलाही आहे. पण त्या हक्काबरोबर विमा, डॉक्टर, वेगळी खोली, कमी तास हे काहीच सक्तीचं नव्हतं. निवड होती ती घरी उपाशी राहणं आणि सेटवर धोका पत्करणं यांच्यातली.

बाळंतपणाचंही तसंच. २०१७ पासून नोकरदार बाईला सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. नटी नोकरदार नाही, ती ‘कलाकार’ आहे, करारावर आहे; ती गरोदर राहिली की तिच्या पात्राचा अपघात होतो, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया होते आणि पुढच्या सोमवारी दुसरी मुलगी त्याच नावानं हजर. स्मृती इराणी यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की मालिकेत प्रमुख भूमिका करत असताना त्यांचा गर्भपात झाला, लगेच कामावर बोलावणं आलं, आणि खोटं बोलत नाही हे पटवायला दवाखान्याचे कागद न्यावे लागले. त्या वेळी त्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध सूनबाई होत्या. ट्रिपल डोअरमधल्या वहिनीनं कोणते कागद दाखवायचे?

लैंगिक छळाच्या तक्रारी हा या पुस्तकाचा एक भाग आहे, सगळं पुस्तक नाही, आणि हे मुद्दाम केलं आहे. २०१३ चा कायदा कामाच्या जागी अंतर्गत तक्रार समिती मागतो. चित्रपटाच्या युनिटला जागा कुठली? आज मढला, उद्या वाईला, परवा पॅकअप. ऑडिशन तर कुणाच्या तरी फ्लॅटवर, हॉटेलच्या लॉबीत, अंधेरीच्या एखाद्या गाळ्यात. केरळ उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक चित्रपटाचं युनिट ही कामाची जागा आहे आणि तिथं समिती हवी. तिथवर यायला २०१७ मधला एका अभिनेत्रीवरचा भीषण हल्ला आणि त्यानंतर उभी राहिलेली ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ लागली. आपल्याकडं २०१८ मध्ये तनुश्री दत्ता यांनी दहा वर्षांपूर्वीची तक्रार पुन्हा मांडली तेव्हा थोडे दिवस समित्यांची पत्रकं निघाली. पण छळाला जागा मिळते ती आधीच्या सगळ्या गोष्टींमुळे. लेखी करार नाही, पैसे तीन महिन्यांनी, रात्री घरी सोडायला गाडी नाही, दाराला कडी नाही, आणि पुढचं काम तोंडी शिफारशीवर. हे सुधारलं नाही तर समितीचा बोर्ड भिंतीवर राहील.

संघटना नेहमी बायकांच्याच बाजूनं उभ्या राहिल्या असंही नाही. मुंबईतल्या मेकअपवाल्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड दिलं नाही. बायकांनी केस करायचे, चेहरा पुरुषांनी. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं तेव्हा कुठं नटीच्या चेहऱ्याला, मानेला, पाठीला कुणी हात लावायचा यात तिला थोडी निवड मिळाली. हा निकाल चारू खुराना या मेकअप आर्टिस्टनं लढून मिळवला. एकाही बड्या नायिकेनं नाही, हे मी जरा खट्टू होऊन नोंदवतो.

आता कायद्याचं. १९८१ मध्येच संसदेनं सिने-कामगारांसाठी कायदा केला होता आणि लेखी करार सक्तीचा केला होता, पण मिळकतीची मर्यादा घालून. तिच्या वर गेलेली नटी कामगार उरत नव्हती आणि तिच्या खालची नटी करार मागण्याच्या स्थितीत नव्हती. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विरघळला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. तिच्यात ‘दृकश्राव्य कामगार’ अशी नवी जात आली आहे, म्हणजे मालिका आणि वेबसीरिजमधल्या बायकाही आत आल्या. लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची आहे. रात्रपाळीला बाईची संमती लागते. कागद म्हणून तो आजवरचा सर्वांत रुंद आहे. गोरेगावच्या त्या कापडी मंडपात तो कोण तपासायला येणार, कोणता अधिकारी, कोणत्या दिवशी, याची यंत्रणा अजून डोळ्यांना दिसायची आहे.

या पुस्तकासाठी बोललेल्या बायकांपैकी ज्यांचं नाव चढलेलं आहे त्या नावानिशी आल्या आहेत. बाकीच्यांची नावं, गावं आणि मालिकांची नावं काढून टाकली आहेत, कारण त्यांनी तशी अट घातली आणि ती वाजवी होती. कोणत्या निर्मात्यानं कोणाला काय केलं हे शोधायला आलेल्या वाचकाची निराशा होईल. क्रम पायऱ्यांचा आहे, खालून वर आणि पुन्हा खाली. शेवटचं प्रकरण करारपत्राचं आहे: दिवसाचे तास, ओव्हरटाइम, पैसे द्यायची तारीख, कपडे बदलायची जागा, रात्रीची गाडी, विमा, काम अर्ध्यात सुटलं तर काय, आणि हे सगळं फोनवर मान्य केलेल्या माणसाकडून कागदावर कसं घ्यायचं. पुढच्या आठवड्यात ज्या मुलीची पहिली लुक टेस्ट आहे तिनं ही प्रस्तावना इथंच सोडून आधी ते वाचायला घेतलं तरी चालेल.